अस्वलाने खाल्लेला विडा

ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. तेव्हा जनावरं बोलत असत, आणि त्याहून नवल म्हणजे राजे ऐकून घेत असत.

असाच एक राजा होता. पोटाने मोठा, मनाने त्याहून मोठा. त्याला दोनच वेडं होती, न्यायाचं आणि विड्याचं. दारी आलेला रडत आला तरी हसत गेला पाहिजे, असा त्याचा हट्ट. म्हणून त्याच्या दरबारात रीतच होती: तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी विडा, मग विचारपूस. तोंडात विडा असला की माणूस ओरडत नाही, असं राजा म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

राजाचा स्वतःचा विडा मात्र राणीच्या हातचा. जेवण झालं की राणी पान पुसायची, चुन्याचं बोट ओढायची आणि कात सढळ हाताने लावायची. मग राजा आरशात बघून ओठ दाखवायचा. ज्याचा विडा जास्त रंगतो त्याच्यावर बायकोची माया जास्त, असं त्या राज्यात सगळेच मानत. राजाचे ओठ कायम लालभडक. "पुरे हो, एवढं काय मिरवायचं!" असं राणी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी कात आणखी थोडा जास्त लावायची.

जसा राजा तशी प्रजा. घरोघरी पानाचे डबे आले आणि घरोघरी ओठ रंगले. कात येतो कुठून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. डबा रिकामा झाला की भरला जायचा, एवढंच ठाऊक.

एके दिवशी दरबार भरलेला असताना दारात एक अस्वलीण येऊन उभी राहिली. अंगाने वाळलेली, मागे दोन पिल्लं. दरबारी खांबांआड झाले. पहारेकऱ्याने भाला उचलला.

"खाली ठेव तो भाला," राजा म्हणाला. "दारी आलेल्याला मी कधी परत पाठवलंय का? या अस्वलबाई, बसा. आधी विडा घ्या."

अस्वलीण बसली. तिने विडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि ती थांबलीच. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं? चुना लागला का?" राजाने काळजीने विचारलं.

"नाही रे राजा. चव ओळखीची आहे. यात माझं घर आहे."

दरबार खदखदून हसला. राजा हसला नाही.

"आमच्या डोंगरावर खैराची झाडं होती," अस्वलीण सांगू लागली. "त्यांच्या बुंध्यांवर मी नखं घासायची. नखं चाटली की अशीच तुरट चव यायची. माझ्या आईनेही तिथेच नखं घासली. आता तिथे नुसते बुडखे उरलेत. सावली गेली, मग ओढा आटला. माझी पिल्लं तहानलेली आहेत. झाडं गेली कुठे, हे विचारायला मी आले होते. आता विचारायला नको. ती तुझ्या ओठांवर आहेत."

राजाने नकळत ओठ पुसले. रंग निघाला नाही.

"तुम्ही माझ्या बागेत राहा," तो घाईघाईने म्हणाला. "पिल्लांना हौद देतो, रोज मध देतो."

"राजा, माझ्या तोंडाला पानं पुसू नकोस. न्याय द्यायचा असेल, तर माझं घर बघायला चल."

राजा निघाला. पोट सांभाळत, धापा टाकत डोंगर चढला. वाटेत टेकायला कुठे सावली मिळाली नाही. वर चुली पेटल्या होत्या. कात काढण्यासाठी खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळत होत्या, आणि मडक्यांखाली जांभूळ, ऐन, हिरडा, हाताला लागेल ते लाकूड जळत होतं.

"इतकी झाडं लागतात?" राजाने कात काढणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"खैर एकच लागतो महाराज, पण त्याला शिजवायला त्याचे शेजारीही लागतात."

"आणि नवा खैर?"

"आज्याने लावला तर नातवाच्या हाती येतो. पण लावतंय कोण? वाड्यावरून मागणी येते, आम्ही तोडतो. पोट आम्हालाही आहे."

राजाला रागवायचं होतं, पण कुणावर रागवणार? तो मटकन एका बुडख्यावर बसला. बुडख्याचा रंग त्याच्या ओठांसारखाच होता.

त्या दिवशी जेवणानंतर राणीने पान पुसायला घेतलं, तेव्हा राजा म्हणाला, "आजपासून कात नको."

राणीचा हात थांबला. "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं. तुझी माया लोकांना दिसावी, म्हणून मी एक डोंगर बोडका केला."

राणीने पानात बडीशेप आणि वेलदोडा भरला आणि हलकेच म्हणाली, "उद्या लोक म्हणतील, राणीची माया आटली."

"म्हणू देत. ओढा आटण्यापेक्षा ते बरं."

लोक म्हणालेच. चार दिवस कुजबुजले, राजाचे फिके ओठ बघून गालातल्या गालात हसले. कारण कळलं तेव्हा मात्र एकेकाने आपला काताचा डबा मागे सारला. पुढे रीत पडली, रंगलेला विडा फक्त लग्नात, तोही नवरा-नवरीचा, आणि आधी दोघांनी डोंगरावर खैर लावल्यावर. कात काढणाऱ्यांना राजाने उपाशी ठेवलं नाही. रोपं वाढवायची आणि राखायची, एवढं काम त्यांना दिलं आणि कोठारातून धान्य सुरू केलं.

वर्षं गेली. राजा काठी टेकत पुन्हा डोंगरावर आला. खैर अजून जून झाले नव्हते, पण सावली पडत होती. ओढा बारीक धारेने का होईना, वाहत होता. अस्वलीणही म्हातारी झाली होती. तिचं नातवंड एका कोवळ्या बुंध्यावर नखं घासत होतं.

राजाने राणीच्या हातचा विडा पुढे केला. अस्वलीण बराच वेळ चावत राहिली.

"कसा आहे?" राजाने विचारलं.

"अगदी फिका," ती म्हणाली. "माझ्या घराची चव जराही येत नाही."

आणि तिने दुसऱ्या विड्यासाठी पंजा पुढे केला.

तात्पर्य: हातातली वस्तू गोड मानण्याआधी ती कुणाच्या घरातून आली, हे विचारावं.