नदीपल्याडचा मध

फार मागे, डोंगरातल्या एका रानातून दर पौर्णिमेला मधाचे द्रोण नदीपल्याड जात आणि बदल्यात हरणांसाठी मीठ येई. एके वर्षी ही निर्यात महिन्यामागून महिना घटत गेली. मिठावाचून पाडसं मलूल झाली.

"पल्याडचे माजलेत. व्यापारच बंद करा!" कोल्हा सभेत गरजला.

द्रोण भरणाऱ्या भिंगरी खारीला ते पटेना. "आधी विचारून तर येते," म्हणत ती ओंडक्यावर बसून पलीकडे गेली.

तिथल्या म्हाताऱ्या पाणमांजरीनं तिच्यापुढे द्रोण ठेवला. "पोरी, मध तुमचा गोडच, पण निम्मा वाटेत गळतो आणि उरलेल्याला मुंग्या लागतात."

भिंगरी शरमली. यंदा घाईत तिनंच एकेरी पानांचे द्रोण लावले होते. घरी परतताच तिनं दुहेरी पानं टाचली, मधमाश्यांकडून मेण आणलं आणि प्रत्येक द्रोणाचं तोंड स्वतः बंद केलं.

पुढच्या पौर्णिमेला सारे द्रोण हातोहात खपले. त्यापुढच्या महिन्यात मागणी दुप्पट झाली. मिठाचे तराफे काठाला लागले, तशी पाडसं उड्या मारत धावली.

"भिंगरीताई, पल्याडचे अजून मागतायत!" कोल्हाच ओरडत आला, आणि न सांगता पानं टाचायला बसला.