पाठमोरे भंते

“मग ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असं म्हणायचंच कशाला? खोटारडे आहेत सगळे!”

उत्पलाने जेवणाचा डबा विहाराच्या ओट्यावर असा आदळला, की झाकण उडून खाली पडलं.

भंते विमलबोधींनी झाकण उचललं, पुसलं, तिच्या हातात दिलं.

“किती दिवस झाले?”

“बारा. अकरा हजार लोक रोज मला बघायचे, भंते. बारा दिवस मी गायब, आणि एकाचाही फोन नाही. मेलेय की जिवंत आहे, एवढं तरी...”

भंडाऱ्याजवळच्या या गावातली उत्पला मोबाईलसमोर उभी राहून व्हिडिओ करायची, तावातावाने बोलायची. पाण्यावर बोलायची, जातीवर बोलायची. लोक डोक्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक घाणेरड्या शिव्या घालायचे. वर्षभर हे चाललं. झोप उडाली, जेवण सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर हे सगळं बंद. तिने बंद केलं. तरी घास काही घशाखाली उतरेना.

“आज संध्याकाळी परत सुरू करते,” ती म्हणाली. “निदान शिव्या तरी मिळतील.”

भंतेंनी आपलं पात्र पुढे घेतलं.

“अकरा वाजले. वाढतेस ना?”

भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत. भोजनदान घेताना देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, नजर पात्रात. आणि जेवताना बोलत नाहीत. हे सगळं उत्पलाला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी पात्रात भात नि वांग्याची भाजी पडली, आणि तिचे डोळे भंतेंच्या चेहऱ्याला जे चिकटले ते सुटेनात.

पहिला घास... काही नाही.

दुसरा... कपाळावर एक आठीसुद्धा नाही.

“बरं झालंय का, भंते?”

विहार झाडायला येणाऱ्या पंचफुलाबाईंनी दारातूनच ओठांवर बोट ठेवलं.

भंतेंनी शेवटचं शीत खाल्लं. पात्र धुतलं, पुसून उपडं ठेवलं. मग विचारलं,

“इतका वेळ काय बघत होतीस?”

“तुमचा चेहरा.”

“काय दिसलं?”

“आधी वाटलं, भाजी बिघडली. मग वाटलं, तुम्ही रागावलात. मग वाटलं... मी आलेच नसते तर बरं झालं असतं. मी कुठेच नसते तर...”



“एवढं सगळं माझ्या तोंडावर होतं?” भंते हळूच म्हणाले.

तिला हसू आलं आणि रडूही. भंतेंनी एक ताटली तिच्यापुढे सरकवली.

“आता तू जेव.”

“जात नाही हो, भंते. खरंच.”

भंते उठले. आसन उचलून भिंतीपाशी नेलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

“हे काय?”

“जेव. मी बघत नाही. पंचफुलाबाई, तुम्हीही.”

पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण झाडू घेऊन त्याही दाराबाहेर तोंड करून उभ्या राहिल्या.

उत्पला दोन पाठींकडे बघत राहिली... मग तिने भात कालवला.

घास तोंडात गेला आणि तिचा हात थांबला. सकाळी तिने स्वतः भाजी केली होती. चाखली मात्र नव्हती.

“भंते! यात मीठच नाही!”

“हो.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“पहिल्याच घासाला.”

तिने दुसरा घास घेतला. तिसरा. पोटात खड्डा पडल्यासारखी भूक आत्ता कुठून आली, तिलाच कळेना. डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, हात चालू होता. कुणी बघत नव्हतं.

“भंते,” भरल्या तोंडाने ती म्हणाली, “आज नाही सुरू करत मी.”

आणि सवयीने तिने चटकन वर पाहिलं.

समोर भंतेंची पाठ. जराही न हललेली.

ती पाठीकडे क्षणभर बघत राहिली... मग मान खाली घालून पुढचा घास घेतला.

तिकडेच तोंड ठेवून पंचफुलाबाई म्हणाल्या, “मीठ देऊ का वं पोरी, का तसंच गोड लागून राह्यलं?”