वेगवान कासवाची पावती

ऐनवन नावाचं एक जंगल होतं. तिथे सगळे सुखात राहत, कारण दुःखात राहायला बंदी होती. नदीला पूर येणार असं दिसलं की तिथल्या टिटव्या आपली अंडी केरबा कासवाच्या गाड्यात ठेवत आणि केरबा ती शेजारच्या बोरवनातल्या उंच माळावर पोचवी. आजवर एकही अंडं तडकलं नव्हतं. सावकाशपणा हीच त्याची भाकरी होती.

एकदा बोरवनाच्या नाक्यावर वानर हवालदाराने त्याला अडवलं.

"वेग जास्त आहे. पावती फाडतो."

"अहो साहेब, मी कासव!"

"ते दिसतंय. पण रोज एक वेगवान पकडायचा, असा वरून हुकूम आहे. बिबट्या धावतो, पण तो आमच्या महाराजांचा साडू. हरणं धावतात, पण त्यांची मतं आहेत. तुमचं मत इथं आहे का?"

"नाही."

"मग वेग जास्त होता."

पावतीची बातमी केरबाच्या आधी घरी पोचली. त्यासाठी तिला फारसं धावावं लागलं नाही. टिटव्यांनी त्याच्या गाड्यात अंडी ठेवायचं बंद केलं.

"राग मानू नका, केरबाभाऊ," जुनी गिऱ्हाईक चंद्री टिटवी म्हणाली. "पोटच्या जिवाचा प्रश्न आहे. सरकारी शिक्का काय खोटा असतो?"

केरबा कवचात तोंड घालून रडला. मग ऐनवनाच्या गवा महाराजांकडे गेला.

"महाराज, मी हळू चालतो, एवढं बोरवनाला लिहून द्या."

"हळू?" महाराज ताडकन उठले. "आपलं कासव परमुलखातून वेगाची पावती आणतं, आणि हळू?"

कोल्हा प्रधानाने लगेच जाहीर सत्कार ठेवला. शाल दिली, श्रीफळ दिलं. फोडायला दगड सापडेना, म्हणून ते केरबाच्याच पाठीवर फोडलं. "कासव पळतंय, राज्य पळतंय!" अशी घोषणा झाली.

केरबाने मान बाहेर काढली. "पण मंडळी, मी तर..."

"वेग नाकारतोस? म्हणजे विकास नाकारतोस," कोल्हा कानात म्हणाला. "मान आत घे."

केरबाने मान आत घेतली.

पूर आला तेव्हा अंडी न्यायचं कंत्राट महाराजांच्या भाच्याला, उधळ्या रेड्याला मिळालं. केरबा काठावरून ओरडला, "खड्डे जपून रे बाबा!" तोवर धूळसुद्धा खाली बसली होती.

चंद्री फुटकी टरफलं घेऊन दरबारात आली. तिने ती प्रधानापुढे ठेवली. प्रधानाने टरफलं निरखून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"पण बाई, पोचली किती लवकर!"