झोळीकाठची विहीर

फार फार वर्षं झाली त्याला. आपल्या या माळावर तेव्हा ना घर होतं ना देऊळ. नुसते नवे टाकलेले रूळ होते. गाडी यायची, धूर सोडायची आणि न थांबता निघून जायची.

ते रूळ टाकायला वडार माणसांची टोळी आली होती. त्यात तिमव्वा होती, काखेत तान्हं लेकरू घेतलेली. आधीची दोन लेकरं तिनं अशीच वाटेवर मातीआड केली होती, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला जाताना, उन्हातान्हात. काम संपलं, पालं उतरली, गाढवांवर बिऱ्हाडं चढली. तिमव्वा बसूनच राहिली.

"ऊठ गं," सासरा दुर्गाप्पा म्हणाला, "गाढवं उभी हायती."

"मी येत न्हाई, मामा. ह्या पोराला गाव पायजे."

"गाव? हितं पाण्यावाचून सरडा राहत न्हाई!"

"मग पाणी काढते."

टोळी निघाली. नवरा यल्लाप्पाही रागानं निघाला, ओढ्यापर्यंत गेला आणि गाढव वळवून परत आला.

माळावर एकच बाभूळ होती. तिला तिमव्वानं लुगड्याची झोळी बांधली, बाळ निजवलं आणि झोळीला लागूनच पहार मारली. का, तर लेकरू लांब राहू नये. यल्लाप्पानं कपाळाला हात लावला.

"अगं, लोकं पाण्याचा माग बघून हीर खणत्यात. तू झोळी बघून खणायलीस!"

"तू माती उचल."

असं म्हणतात, खाली काळा पाषाण लागला. पहार वाकली, हात फुटले, पण ती थांबली नाही. वर बाळ रडलं की ती खालून "ओ" द्यायची आणि त्यासरशी घाव घालायची. असं म्हणतात, एका दुपारी बाळ रडलं आणि तिच्याआधी खडकानंच ओ दिली. भेग पडली, आणि बघता बघता पाणी तिच्या कमरेला लागलं.

त्याच उन्हाळ्यात अलीकडच्या स्टेशनातली विहीर आटली. इंजिनाला पाणी मिळालं नाही, ते माळावरच उभं राहिलं. ड्रायव्हर बादली घेऊन धावत आला.

"बाई, पाणी द्या."

"देते. पण रोज हितं थांबायचं."

"गाडी थांबवणं माझ्या हातात नाही हो."

"थांबलीय की! आता तिचं जाणं माझ्या हातात हाय."

डब्यातली माणसं हसली. मग चिडली. मग हात जोडायला लागली. तिमव्वानं त्यांच्या लेकरांना पोटभर पाणी पाजलं, पण इंजिनाला थेंब दिला नाही. उन्हं कलली, तेव्हा ड्रायव्हरनं इंजिनावर हात ठेवून शब्द दिला, आणि पुढं साहेबाशी भांडून तो पाळला. असं म्हणतात, अख्खं इंजिन भरलं तरी विहीर बोटभर उतरली नाही.

गाडी थांबायला लागली, तसं दुकान आलं, बाजार आला, तिमवाडी झाली. ते लेकरू इथंच वाढलं, म्हातारं झालं आणि इथल्याच मातीत गेलं.

आता गाड्या विजेवर पळतात, तरी थांबतात. आणि वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर आलेल्या कुणा फिरत्या बाईला इथं मूल झालं, की बाराव्या दिवशी गावच्या बायका तिला फलाटावर नेतात. गाडी आली की बाळाला उंच धरतात आणि तिमव्वाचं नाव घेऊन ड्रायव्हरला ओरडून सांगतात, "हे तिमवाडीचं!"

त्यानं भोंगा वाजवल्याशिवाय एकही बाई फलाटावरून हलत नाही.