अध्यक्षांची खूण

कर्णबधिर मुलांच्या त्या निवासी शाळेचे अध्यक्ष तात्यासाहेब रणनवरे तेरा वर्षं प्रत्येक भाषणात एकच वाक्य घोळवत आले होते, "अध्यक्ष आणि संचालिका म्हणजे एका गाडीची दोन चाकं!" यंदा मात्र विश्वस्तांच्या सभेत त्यांनी संचालिका शैलजा तांबट यांना काढून टाकण्याचाच ठराव मांडला.

"बाई मला काही विचारत नाहीत. अहो, ही शाळा माझ्या नावानं ओळखली जाते!"

शैलजाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. दहा फोन केले तर एक उचलणारा हा माणूस! पण त्या शांतपणे म्हणाल्या, "इथली मुलं प्रत्येकाला हाताच्या खुणेचं नाव देतात. ज्याला जसं बघतात, तसं नाव. पोळ्या करणाऱ्या गोदाबाईंची खूण लाटण्याची. माझी, चष्मा वर सारण्याची. साहेब, तुमची खूण कोणती?"

तात्यासाहेबांनी ते कधी विचारलंच नव्हतं. "असेल हार घालण्याची," ते मिशीत हसले.

शैलजाबाईंनी मनगटावर घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि पाठ फिरवली.

"ही तुमची खूण. आता सांगा, मी विचारू कोणाला? पाठीला?"

ठरावाच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही.

पुढच्या वार्षिक समारंभाला तात्यासाहेब घड्याळ न घालता आले, आणि दर पाच मिनिटांनी शेजारच्याला वेळ विचारत बसले. समोर बसलेल्या मुलांना नाव बदलावं लागलं नाही.