हळदीची साक्ष

बॉक्सिंगचं वेड असलेलं एक गाव होतं. तिथले मुख्य पंच घारपुरेसाहेब. त्यांचं मत पडेल तिकडेच उरलेल्या दोन पंचांची मान डुलायची. सगुणाबाईंचा रोहिदास गेल्या वर्षी त्यांच्याच निकालाने एका गुणाने हरला होता. यंदा तो म्हणाला, "आई, पुन्हा असंच झालं तर ग्लोव्ह्ज खुंटीला टांगतो."

लढत नेमकी खंडेनवमीला आली. सगुणाबाई तबक घेऊन पुढे झाल्या. "साहेब, आज हत्यारं पुजायचा दिवस. दोघांच्या ग्लोव्ह्जची पूजा करू का?"

"करा की! पूजेला काही गुण मिळत नाहीत," साहेब हसले.

बाईंनी रोहिदासच्या ग्लोव्ह्जना ओली हळद माखली आणि त्याच्याशी लढणाऱ्या विक्रांतच्या ग्लोव्ह्जना ओलं कुंकू.

दहा फेऱ्या चुरशीच्या झाल्या. साहेबांनी जाहीर केलं, "विक्रांत विजयी, एका गुणाने!"

लोक ओरडले. साहेब कडाडले, "गप्प बसा! रोहिदासचे ठोसे सगळे हवेत गेले. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

रोहिदासच्या गालावर कुंकवाचे दोनच डाग होते. विक्रांत मात्र कपाळापासून कमरेपर्यंत पिवळाधमक.

सगुणाबाईंनी पदर सावरला. "असेल हो साहेब. पण मग या नवरदेवाला हळद लावली कुणी?"

सगळे हसून लोळले. विक्रांतने स्वतःकडे पाहिलं आणि तोही हसला. "काकू, माझ्या लग्नातसुद्धा एवढी लागायची नाही!" म्हणत त्याने रोहिदासचा हात वर केला. साहेबांनी घाम पुसत निकाल फिरवला.

सगुणाबाईंची हळद जशी लपली नाही, तसे तुमच्याआमच्या लेकरांचे कष्टही न लपोत.