टेबलाखालचा दादा

फार पूर्वी गावोगावच्या जत्रांमधून जादूचं एक टेबल फिरायचं. त्याच्या पायांमध्ये दोन भाऊ-आरसे कडेला कड लावून तिरके उभे असत. त्यांच्यात बाजूचा काळा पडदा दिसे, तो मागचाच भासे आणि लोकांना वाटे, टेबलाखाली काहीच नाही. आरशांमागे ससा लपलेला असे.

एकदा गाडी उलटली आणि थोरला आरसा फुटला. जादूगाराने त्याच्या जागी नवा बसवला. धाकटा अंग चोरून उभा राहिला. मधे फट पडली.

"अरे, माझे कान दिसतील!" ससा म्हणाला. "सगळी जत्रा हसेल."

"हसू दे. दादाच्या जागी मला हा नको."

"मला तरी तो कुठे विसरता येतोय? काच माझ्यावर पडू नये म्हणून बाहेरच्या अंगाला कोसळला तो."

 तेवढ्यात खेळ सुरू झाला. गर्दी पाहून नवा आरसा घाबरला.

"दादा," तो कुजबुजला, "तुला जरा टेकू का?"

धाकट्याला आजवर कोणी दादा म्हटलं नव्हतं.

"टेक," तो म्हणाला.

फट मिटली. "टेबलाखाली काहीच नाही!" लोक ओरडले. मागे सशाला दिसलं, धाकटा रडत होता, पण कड त्याने तसूभरही हलू दिली नाही.